सही घेतल्याशिवाय

सासरे सांगायचे, घरात जपून बोलावं, वास्तू तथास्तु म्हणते. ते गेल्यापासून खालचं त्यांचं दुकान बंद आहे. वर मी आणि माझी तान्ही सानवी राहतो.

दुपारी बिल्डरचा माणूस आला. "वहिनी, इथे सहा मजले होतील. मुंबईहून तुमच्या दिरांची सही आलीय. तुमची घेतल्याशिवाय काय मी हलत नाही," म्हणत तो हसत खुर्चीत बसला.

बंद दुकानातून स्पष्ट ऐकू आलं, "तथास्तु."

"खाली कोण आहे?"

"कुलूप आहे," मी म्हटलं. "आणि मी सही करणार नाही. कधीच."

"तथास्तु." या वेळी आवाज जिन्यात होता.

तो उठायला गेला. पुन्हा गेला. मग स्वतःच्या पायांकडे बघत राहिला.

"वहिनी, सही नको. मला फक्त उठवा."

मी सानवीला थोपटत राहिले. "हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय तिचा."