उजवी कूस

ऑपरेशनचा मुहूर्त महाराणीनं नेमका साधला होता. परीक्षा आज संपली, परवा सकाळी डावा कान, मग सगळी सुट्टी पडून राहायचं. कॉलेज उघडेपर्यंत पट्टीसुद्धा निघालेली. एकही तास बुडणार नव्हता आणि कुणाला कळणारही नव्हतं. घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. "रात्री सोबत कुणी नसेल तर मी ऑपरेशन करणार नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्यांना आणि घरी वडिलांना तिनं एकच उत्तर ठोकून दिलं होतं, "मैत्रीण आहे की!"

ती मैत्रीण, म्हणजे तिच्या खोलीत राहणारी मुलगी, आत्ता फुगलेल्या बॅगेवर बसून चेन ओढत होती. तोंडाचा पट्टा सदा चालू, म्हणून वसतिगृहात तिचं नाव रेडिओ. आणि जिन्यात डावीकडून हाक मारली तर ही ढुंकून बघत नाही, म्हणून ही महाराणी. बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा शिष्ट बरी, असं हिनं ठरवून टाकलं होतं.

विचारायचं सकाळपासून ओठांवर होतं.

"ऐक ना, परवा तू..."

"बाई बाई! महाराणी आपणहून बोलल्या!" रेडिओ हसली. मग हसू ओसरलं. "खरं सांगू? पहिल्या वर्षी दिवा मालवला की मी रोज तुझ्याशी बोलायचे गं. घरची आठवण यायची, रडायला यायचं. तू आपली ढिम्म. म्हटलं, हिला नको असेल. मग सोडून दिलं."

महाराणी कायम उजव्या कुशीवर झोपायची, ऐकू येणारा कान उशीत दाबून. म्हणजे साऱ्या जगाचा आवाज बंद. बिघडलेल्या कानानं तिला तेवढं एक सुख दिलं होतं.

"मला डाव्या कानानं ऐकू येत नाही," ती म्हणाली. "अजिबात."

रेडिओ बॅगेवरून उठली. "अगं, मग सांगायचंस ना! एकदा तरी!"

खाली तिच्या बाबांनी हॉर्न वाजवला. तिनं बॅग उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. "तू काहीतरी विचारत होतीस."

जिला रडताना साधा हुंकार दिला नाही, तिच्याकडे अख्खी रात्र कुठल्या तोंडानं मागायची?

"काही नाही. जपून जा."

गाडी गेल्यावर तिनं दवाखान्यात फोन लावला. "मैत्रीण गावाला गेली. पुढच्या सुट्टीत बघू या."

मग ती पलंगावर आडवी झाली. सवयीनं उजवीकडे वळली, थांबली, आणि डाव्या कुशीवर आली. चांगला कान वर ठेवून ती ऐकत राहिली. समोरच्या पलंगावर गादी गुंडाळून ठेवलेली होती.