चार नंबरचे बास्केट

बसा, एक गोष्ट सांगतो. छोटी आहे, पण गोड नाही. चहा आधी पिऊन घ्या, नंतर घशाखाली उतरायचा नाही.

शनिवारची दुपार. इकडं परदेशात, गिरावीन उपनगराजवळचा बास्केटबॉलचा हॉल. चार नंबरच्या अनन्यानं लांबून बॉल टाकला. रिंगला न लागता सरळ जाळीत. पोरी ओरडल्या. आणि बेंचवर बसलेल्या क्लाइव्हनं टॅबवर बोट दाबलं. चारवर नाही. नऊवर.

नऊ नंबर म्हणजे त्याची पोरगी, इझाबेला.

इथं अंडर-एटीनची लीग आईबापांच्या जिवावर चालते. ज्यांचा हॉल, त्यांच्यातले दोघं बेंचवर बसतात. एक टॅबवर कुणी किती मारले ते दाबतो, दुसरा घड्याळ सांभाळतो. क्लाइव्ह वसईचा. तो दर वेळी टॅब मागून घ्यायचा. घड्याळ दत्तात्रयकडं. हा नागपूरचा, अनन्याचा बाप. दोघं रोज एकाच ट्रेननं ऑफिसला जाणारे, एका डब्यातलं खाणारे.

क्लाइव्ह फार नाही घ्यायचा. एका मॅचला दोन, फार तर तीन बास्केट; एकेकाचे दोन-तीन पॉइंट. टोटल बरोबर राहायची. आणि टोटल बरोबर असली की कोण कशाला विचारतोय? रात्री क्लाइव्ह ते आकडे अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या कोचला पाठवायचा, इझाबेलाला तिथं घ्यावं म्हणून.

इथल्या पोरींची कोच रेखाताई क्लाइव्हला सारखी टोचायची. "क्लाइव्ह, तिकडं आता तयार खेळाडू आयते घेतात रे. आपल्या पोरी बाकावर बसून म्हाताऱ्या होतात. इथं तरी खेळतात."

"ताई, खरा बास्केटबॉल कॉलेजचा," क्लाइव्ह हसायचा. "ही तुमची लीग म्हणजे चर्चच्या जत्रेतली पोत्यांची शर्यत. संपली की सॉसेज खा आणि घरी जा."

दत्तात्रय पण हसायचा. घड्याळावरचं बोट न हलवता.

सीझन संपला. क्लबच्या मोठ्या टीमसाठी, यूथ लीगसाठी, पाच पोरी निवडायच्या होत्या. रेखाताई कमिटीशी भांडली, की अनन्याला घ्या, हात बघा तिचा. कमिटी म्हणाली, हात कशाला, आकडे बघू. आकड्यांत अनन्या आठवी आली.

घरी जाताना गाडीत पोरगी रडली नाही. फोनवर आकडे काढून बघत बसली. "पपा, आय स्वेअर, लास्ट गेमला माझे फोर्टीन पॉइंट होते. इथं आठच दाखवतंय."

"मशीन खोटं बोलतं का गं?" दत्तात्रय म्हणाला. "आपल्यालाच वाटतं, आपण लई मारले."

पोरीनं फोन खाली ठेवला. म्हणाली, "Yeah. Maybe." त्यानंतर तिनं बॉलला हात लावला नाही.

इझाबेला अमेरिकेला गेली. एअरपोर्टवर क्लाइव्हनं पेढे वाटले. पण त्या कोचला पाहिजे होती लांबून मारणारी. इझाबेला कधी तशी नव्हतीच. ती पास देणारी पोरगी. दोन वर्षं टॉवेल धरून बाकावर बसली आणि परत आली. आल्यावर तिनं पहिलं काय केलं माहितीय? त्याच हॉलमध्ये यूथ लीगमध्ये नाव घातलं. आता दर शनिवारी पास देते आणि खिदळते. परवा बापाला म्हणाली, "डॅड, तिथं मला कुणी बॉलच दिला नाही. इथं अनन्या असती तर मजा आली असती."

त्या वाक्यानं क्लाइव्ह खचला. हॉलच्या कार पार्कमध्ये त्यानं दत्तात्रयला गाठलं. गाडीला टेकून उभा राहिला, आणि सगळं ओकला. कुठली मॅच, किती बास्केट, सगळं. "मार मला दत्ता. तुझ्या पोरीचे घेतले मी."

दत्तात्रयनं मारलं नाही. चावी हातातल्या हातात फिरवत राहिला.

"ठाऊक होतं मला," तो म्हणाला. "एक हात अंतरावर बसायचो ना मी. पहिल्या मॅचपासून बघत होतो."

क्लाइव्ह गाडीपासून सरळ झाला. "मग... बोलला का नाहीस?"

"शनिवारचा खेळ. म्हटलं, काय जातंय? नाव नाही लागलं की अभ्यासाला बसेल, डॉक्टर होईल. तू माझं काम करत होतास, क्लाइव्ह. मी कशाला थांबवू?"

पोरगी डॉक्टर नाही झाली. मार्क कमी पडले. ब्लॅकटाउनला एका केमिस्टच्या काउंटरवर उभी असते. शनिवारीसुद्धा. रेखाताई अधूनमधून बोलवायला जाते. ही हसून सांगते, "नको ताई, माझा नेम कधी चांगला नव्हताच. आकडे होते ना समोर."

क्लाइव्हला तिच्यासमोर जायचं धाडस नाही. बापाला तर त्याहून नाही. तेव्हा औषधंबिवधं घ्यायला तिकडं गेलात, तर एवढं करा. तिला सांगा, पोरी, ते चौदाच होते.