पायाळूची लाथ

"पालथा करा त्याला. द्रौपदीबाई येतायत," गल्लीतले शंकरराव म्हणाले.

फर्निचरच्या कारखान्यात मिलिंद उताणा पडला होता. गळती बुजवायला छपरावर चढला, सिमेंटचा पत्रा फुटला आणि तो पंधरा फुटांवरून पाठीवर आपटला. कमरेखालचं अंग आपलं वाटत नव्हतं. बायको पायल त्याचा हात धरून बसली होती. "मी चालेन ना गं?" हे तो तिला तिसऱ्यांदा विचारत होता.

कॅम्प चारच्या वस्तीत अशा वेळी डॉक्टर सोडून सगळे हजर असतात. कोणी म्हणालं, पाणी पाजा. कोणी म्हणालं, बसवा, नाहीतर पाठ आखडेल. कारखान्याच्या सिंधी मालकाने रिक्षा थांबवून ठेवली होती. "अरे साईं, पैर मोड के पीछे की सीट पे डालो, दस मिनट का रास्ता है." शंकररावांनी सगळ्यांना गप्प केलं. मागच्याच महिन्यात त्यांनी वाचनालयात अंधश्रद्धेवर पाऊण तास भाषण दिलं होतं. "ही अंधश्रद्धा नाही. हा अनुभव आहे," ते म्हणाले.

अनुभव खराच होता. द्रौपदीबाई पायाळू. आईच्या पोटातून पाय आधी बाहेर आलेल्या. कॅम्पातले रस्ते कच्चे होते, तेव्हापासून लोक उसण भरली की त्यांच्यापुढे पाठ धरत. बाई डाव्या पायाने हलकी लाथ मारत आणि माणूस चालत घरी जाई. दोन दिवसांत तो तसाही बरा झाला असता, असं कोणी म्हणत नसे.

बाई आल्या. गर्दीने वाट दिली. चौघे मिलिंदला उलटवायला वाकले.

"हात काढा," बाई म्हणाल्या.

त्या खाली बसल्या. मिलिंदच्या अंगठ्याला चिमटा काढला. "कळतंय?"

"थोडं. लांबून कोणीतरी केल्यासारखं."

"थोडं पुरे. पायल, एकशे आठला फोन लाव. पाठ मोडलीय म्हणून सांग." मग त्यांनी दोन्ही तळव्यांत मिलिंदचं डोकं धरलं आणि तशाच बसून राहिल्या.

"मावशी, लाथ मारायला बोलावलंय, डोकं चेपायला नाही," मागून गल्लीतला रघु बोलला. लोक हसले. कोणी म्हणालं, बाईंच्या पायातला गुण गेला. शंकरराव चिडले. "तरण्या पोराचं आयुष्य घालवताय तुम्ही." बाईंनी पकड सैल केली नाही. पाऊण तासाने रुग्णवाहिका आली. कारखान्यातली प्लायची फळी हळूच त्याच्या अंगाखाली सरकवली, पट्ट्यांनी त्याला बांधलं, तेव्हा कुठे त्यांनी हात सोडले.

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. पाच महिन्यांनी मिलिंद काठी टेकत स्वतःच्या पायांनी गल्लीत आला. डॉक्टरांनी पायलला कारणं सांगितली होती. मज्जारज्जू पूर्ण तुटला नव्हता, जाणीव शिल्लक होती, वय कमी, ऑपरेशन वेळेत, रोजचा व्यायाम. आणि आणताना कोणी पाठ वाकवली नाही.

गल्लीकडे वेगळी कारणं होती. मालकाने झूलेलालला नवस बोलला होता. रघुच्या आईने हळदीचं दूध पाठवलं होतं. शंकररावांनी मिलिंदकडे नीट पाहिलं, मग काठीकडे.

"तरी सांगतो, द्रौपदीबाई," ते म्हणाले, "त्या दिवशी लाथ मारली असतीत, तर आज काठीसुद्धा लागली नसती."

"आमच्या ह्यांना मारली होती," बाई म्हणाल्या. "शिडीवरून पडले तेव्हा. लाथ बसेपर्यंत पाय हलवत होते. त्यांना काठी कधीच लागली नाही, भाऊ. अकरा वर्षं ते पलंगावरून उठलेच नाहीत."