गार कपाळ

"अंगातल्या पहारेकरी डेंड्रायटिक पेशींना ही लस गप्प राहायला शिकवते, ताई. दाण्याचं वावडं जाईल, पण जखम चिघळली तरी ताप, सूज, ठणका काहीच येणार नाही. पोरीचं अंग रोज बघत जा," नर्सबाई म्हणाल्या होत्या. ऋजुताने ते हसण्यावारी नेलं. ईरा आता दाण्याचा कूट घातलेली खिचडी मिटक्या मारत खायची, याचंच तिला अप्रूप.

आज ईरा मलूल दिसली. कपाळ गार लागलं, तशी ऋजुता निर्धास्त झाली. संध्याकाळी मोजा काढला, तर काटा रुतून तळवा काळा पडलेला.

"दुखत नाही गं, आई."

"तेच तर, बाळा."

"आणखी उशीर केला असतात, तर पाय गेला असता," डॉक्टर म्हणाले.

तुमच्या शेजारीही असं कधी न तापणारं मूल असेल. जरा त्याचे तळवे बघून या.