अर्धा इंच

"बाई, तुमची चौकट तिरकी दिसतीया," केरबा मिस्त्री दाराकडे बघत म्हणाले.

डॉक्टर सबनीसबाई धास्तावल्या. सरळ रेघ तिरकी दिसली, म्हणजे डोळ्याच्या पडद्याला सुरकुती पडली असणार. मिस्त्रींचा एक डोळा चुन्याने पूर्वीच गेला होता. दुसऱ्याचा निसटलेला पडदा बाईंनी दीड महिन्यापूर्वी बसवला आणि मिस्त्रींनी दहा दिवस पालथं झोपून तो सांभाळला.

"किती तिरकी?"

"खाली अर्धा इंच. डावीकडं."

इतकं नेमकं? कामावर जायच्या आशेने आणलेल्या थैलीतून मिस्त्रींनी ओळंबा काढून पुढे केला. बाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी दोरी चौकटीच्या वरच्या कोपऱ्याला धरली. ओळंबा हेलकावे खाऊन थांबला. खाली चौकट दोरीपासून बरोबर अर्धा इंच डावीकडे गेली होती.

बाई आनंदाने हसतच स्टुलावरून उतरल्या. "अकरा वर्षं मी या दारातून ये-जा करतेय, मिस्त्री. मला कधी दिसलं नाही."

मिस्त्री काळजीत पडले. "मग तुमचंबी डोळं दावून घ्या की कुणाला."