दोन चिंचोके

सन २०२४, मार्गशीर्षातला एक रविवार, दुपार. बदलापूर पश्चिमेस, हेंद्रेपाड्यातील एका दोन खोल्यांच्या घरात महेश आणि तुषार हे सख्खे भाऊ समोरासमोर बसून पोकर खेळत होते. पैसे नव्हते, चिंचोके होते. ज्याचे चिंचोके आधी संपतील त्याने अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी राहायचे आणि दुसऱ्याने आपल्या नव्या नोकरीवर निघायचे, असा करार होता. महेशला गुजरातेतल्या दहेजच्या कारखान्यातून बोलावणे आले होते, तुषारला पुण्याहून. आई, इंदुबाई, खाटेवरून पाहत होती.

हाती दोन-दोन पत्ते, मग मधे दोघांचे मिळून पाच उघडायचे; पैज ठरावीक मापानेच वाढवता येई. त्यामुळे कोणी एका डावात बुडत नसे, झिजत मात्र असे. पाळीपाळीने एकाला पत्ते पाहण्यापूर्वीच दोन चिंचोके मधे ठेवावे लागत. ती पाळी महेशची आली की तुषार पैज वाढवी. आणि महेश, हाती काहीही असो, आणखी दोन घालून टिकून राही.

"दादा, सत्ती-दुर्री?" पत्ते उघडताच तुषार ओरडला. "ह्याच्यावर कोण कॉल करतं, यार?"

"दोन आधीच घातले होते ना मी."

"घातले ते गेले. ते तुझे नाहीत आता. पत्ते टाकून पॅक करायचं सरळ."

"आणि फुकट देऊ तुला?"

तुषार हसला. महेश हसला नाही.

इंदुबाई कण्हली. "मी बघतो," असे तुषार म्हणाला खरा. पण तो उठेपर्यंत महेशने तिला कुशीवर वळवले होते, टाचेखाली उशी सारली होती. परत येऊन तो म्हणाला, "पत्ते वाट."

पुन्हा महेशची पाळी. त्याच्यापुढे चारच चिंचोके उरले होते. दोन त्याने मधे ठेवले. तुषारने पैज वाढवली. महेशने पत्ते पाहिले: बदामाची अठ्ठी, किलवरची तिर्री. पुष्कळ वेळ तो त्यांच्याकडे पाहत राहिला. मग उरलेले दोन त्याने पुढे सरकवले.

"तुषार, बॅग भर तुझी," खाटेवरून इंदुबाई म्हणाली.

"थांब ना आई, मधले पाच पत्ते यायचेत अजून."

"येऊ देत. महेश राहील."