सहावा भूकंप

"मयुरी, ही रांग वाकडी आहे."

झेंड्याच्या खांबापासून फाटकापर्यंत चुना लावलेल्या विटा ओळीने रोवल्या होत्या. भाईदास गुरुजी खांबापाशी उभे राहून एक डोळा मिटून त्यांच्याकडे बघत होते.

"गुरुजी, मी दोरी बांधीसनच लायेल व्हत्यात," मयुरी म्हणाली. "पंधरा ऑगस्टले."

"तिनी नजरच वाकडी शे!" हेमराज ओरडला. सातवीचा वर्ग हसला.

"काळी जमीन पावसात फुगते, बाळा. विटा खोल रोवायला हव्या होत्या. आधी कुठे किती चुकलंय ते पट्टीने मोज. मग पुन्हा लाव."

गुरुजींना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी दर शनिवारी ते तापीकाठच्या या शाळेत यायचेच. त्यांनी कधी कुणाला मारलं नाही. ते चूक मोजायला लावत.

तेवढ्यात शिंदखेड्याहून आलेल्या रिक्षातून प्रज्ञा उतरली आणि विटांचं राहून गेलं.

प्रज्ञा याच शाळेची. आता पुण्यात एका संस्थेत होती. तीन वर्षं खपून तिने एक प्रोग्रॅम लिहिला होता. आज त्याची परीक्षा होती, आणि प्रश्नपत्रिका गुरुजींनी काढली होती.

"हिचं यंत्र काय करतं ते आधी समजून घ्या," गुरुजी वर्गात मुलांना म्हणाले. त्यांनी टेबलावर दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. "या दोन वह्यांमधली फट म्हणजे जमिनीतली भेग." त्यांनी एक वही झटक्यात पुढे ढकलली. टेबल हललं. "हा भूकंप."

"आणि हळू सरकवली तर?" मयुरीने विचारलं.

"तसंही होतं कधी कधी," प्रज्ञा म्हणाली. "कुणाची झोपसुद्धा मोडत नाही."

मग तिने सांगितलं, की सातशे किलोमीटर उंचीवरून एक उपग्रह रडारने जमीन बघतो. आपल्याला दिसत नाहीत अशा लहरी सोडतो आणि परत आलेल्या मोजतो. काही दिवसांनी पुन्हा त्याच जागेवरून जातो. दोन वेळची चित्रं ताडून बघितली, की जमीन बोटाच्या पेरापेक्षा कमी सरकली तरी कळतं. आणि तेवढ्यावरून हे यंत्र, कुणी हात न लावता, भेग कुठे आहे, किती खोल, किती लांब आणि किती सरकली ते सांगतं.

काही मुलांनी खिडकीतून आभाळाकडे बघितलं.

"सोमवारी मला वरिष्ठांना सांगायचंय, की याला एकट्याला काम करू द्यायचं की नाही," प्रज्ञा म्हणाली. "नसलेला भूकंप याने सांगितला, तर लोक उगाच घरंदारं सोडून पळतील. मग असं यंत्र नकोच."

म्हणून तिने आठ दिवसांपूर्वी खानदेशाची खरी चित्रं गुरुजींकडे पाठवली होती, ऑगस्टच्या सुरुवातीपासून गेल्या आठवड्यापर्यंतची. गुरुजींनी आणि मुलांनी शाळेच्या संगणकावर त्यांत खोटे भूकंप लपवले. किती आणि कुठे, हे प्रज्ञाला माहीत नव्हतं. उत्तरं बंद पाकिटात गुरुजींच्या खिशात होती.

तिने लॅपटॉपचं बटण दाबलं. पडद्यावर खानदेश उमटला. त्यावर रंगीत कडी उठू लागली, लाल, पिवळी, हिरवी, जशी पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी.

"एक. मुक्ताईनगरजवळ. नऊ किलोमीटर खोल."

गुरुजींनी पाकीट फोडून बघितलं. मान हलवली.

"दोन. साक्रीकडे."

"तो मना!" हेमराज म्हणाला. "मामाना गावखाले. मामा सायकल देत नही."

तिसरा सापडला. चौथा सापडला. पाचवा तर गुरुजींनी मुद्दाम इतका बारीक केला होता, की त्यांची स्वतःचीच खात्री नव्हती. तोही सापडला. त्यांचे डोळे भरून आले. याच बाकावर ही मुलगी नकाशात नद्या शोधायला शिकली होती.

"पाची सापडनात!" मुलं ओरडली.

पण कडी थांबली नाहीत.

"सहा," प्रज्ञाने वाचलं. "तापीपासून या शाळेच्या खालून. दोन किलोमीटर लांब. सात सेंटिमीटर सरकली."

गुरुजींनी कागद उलटा करून बघितला. मागची बाजू कोरी होती.

"सहावा कोना शे?" त्यांनी मुलांच्याच बोलीत विचारलं. "खरं सांगा. रागावणार नाही."

कुणीच हात वर केला नाही. गुरुजींना आपली मुलं माहीत होती. ती खोटं बोलत नव्हती.

"गावात पान हललं नाही, प्रज्ञा," ते हळूच म्हणाले.

"मशीन चुकनं!" मागून कुणीतरी म्हणालं. कुणीच हसलं नाही.

प्रज्ञाने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा सहा. पुन्हा सात सेंटिमीटर. तिने लॅपटॉप मिटला.

"तुम्हीच शिकवलंत, गुरुजी. जास्तीचं उत्तर म्हणजे चुकलेलं उत्तर."

गुरुजींना हे आपलं वाक्य आज पहिल्यांदाच कडू लागलं. "पाच बरोबर आले, हे काय थोडं आहे?" ते म्हणाले. "सोमवारी सांग, अजून एक वर्ष हवं."

"सांगते." तिने लॅपटॉप पिशवीत घातला.

शाळा सुटली. गुरुजी तिला फाटकापर्यंत पोचवायला निघाले. रांगेच्या मधोमध, कडुनिंबापाशी, मयुरी गुडघ्यांवर बसली होती. सांगितलेलं काम राहिलेलं तिला चालत नसे.

"किती चुकलंय, मयुरी?"

तिने पट्टीवरून बोट न हलवता वर बघितलं आणि दुसऱ्या हाताने आधी खांबाकडची, मग फाटकाकडची सरळ ओळ दाखवली.

"खांबपासून आठेलोंग बठ्ठ्या विटा सरळ शेत, गुरुजी. आठेन फाटकलोंग पन बठ्ठ्या सरळ शेत. फक्त आठेच तुटेल शे. बरोबर सात सेंटिमीटर."